रुईचे पान कोणाचे?

आपल्या नित्याच्या आचारांत कधी कधी एखादी विसंगती अशी बेमालूम मिसळून गेलेली असते की, वर्षानुवर्षे ती डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. शनिवारी मारुतीरायास रुईच्या पानांची माळ घालण्याची रीत आपल्या बहुतेक कुटुंबांत आहे. त्या दिवशी सकाळी देवळाच्या पायरीशी टोपली घेऊन बसलेल्या बाईकडून आपण ती माळ विकत घेतो, पाने ताजी आहेत ना, कोठे फाटली-किडली नाहीत ना, हे पाहून घेतो, आणि श्रद्धेने देवास वाहतो. परंतु तीच रुई पावसाळ्यात आपल्या कुंपणाच्या कडेला आपण होऊन उगवली, तर ओसाड जागेचे झाड म्हणून आपण ती मुळासकट उपटून टाकतो. जे पान देवाच्या कंठी चालते, त्याचे झाड आपल्या दारी चालत नाही. पाने विकणारी ती बाई पहाटे उठून गावाबाहेरच्या पडीक जमिनीकडे जाते. त्या जमिनीवर घरे उठली म्हणजे ती आणखी दूर जाते. आपण मात्र माळेचा भाव वाढला, एवढेच बोलून दाखवतो.

ही विसंगती कोणास दोष देण्यासाठी आम्ही मांडलेली नाही. तिच्या पोटात एक नीतीचा प्रश्न आहे, आणि तो आमच्या सुज्ञ वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. रुईचे पान कोणाचे? ते देवाचे, म्हणून पूजेपुरते आपले. की ज्या जिवांचा संसार त्या पानावर उभा आहे, त्यांचेही काही त्यावर चालते? अलीकडे पुष्कळ मंडळी हौसेने बागेत फुलझाडे लावतात, आणि फुलपाखरे यावीत, पाखरे यावीत, अशी इच्छा बोलून दाखवतात. ती इच्छा स्तुत्यच आहे. परंतु पाहुणा बोलावणे निराळे आणि पाहुण्याचे करणे निराळे. या दोहोंतील अंतर समजण्यास रुईइतके चांगले उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही.

प्रथम या झाडाची थोडी ओळख करून घेऊ. रुई म्हणजेच अर्क, अर्थात सूर्याचे झाड. माघ शुद्ध सप्तमीस, रथसप्तमीच्या दिवशी, अर्काची सात पाने अंगावर ठेवून स्नान करण्याची चाल आपल्या या कर्नाटकाच्या सीमेवर आजही अनेक घरांत आहे. गणेशचतुर्थीच्या पत्रीत अर्कपत्र असते. नवग्रहांच्या होमात सूर्यासाठी रुईची समिधा लागते. पांढऱ्या फुलांच्या रुईस मंदार म्हणून विशेष मान आहे. बेळगाव-खानापूरच्या तांबड्या मातीत जी मोठी रुई दिसते, तिची फुले फिकट जांभळी किंवा पांढरी असून पाकळ्या पसरट उघडतात. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा या कोरड्या भागांत राहणाऱ्या आपल्या आप्तांस जिची अधिक सवय आहे, ती धाकटी रुई. तिच्या पाकळ्या उभट असून टोकांशी गडद जांभळ्या असतात. दोघीही कोणी मुद्दाम लावल्यावाचून, खतपाण्यावाचून वाढतात. चैत्र-वैशाखात सारे माळरान करपलेले असताना रुई मात्र हिरवी राहते आणि फुलतेही. त्या दिवसांत तिचा मध हा कित्येक कीटकांस मोठा आधार होतो.

रुईचे फूल हातात घेऊन कधी नीट पाहिले आहे काय? मध्यभागी मुकुटासारखी एक पंचकोनी रचना असते. इतर फुलांप्रमाणे तिचा पराग सुटा, धुळीसारखा नसतो; तो इवल्या पिशव्यांत भरलेला असतो, आणि या पिशव्या जोडीजोडीने एका बारीक चिमट्याने बांधलेल्या असतात. मध पिण्यास आलेल्या कीटकाचा पाय मुकुटाच्या फटीत शिरला म्हणजे तो चिमटा त्यास पकडतो, आणि पाय ओढून काढताना पिशव्यांची जोडी त्याबरोबर येते. पुढच्या फुलावर ती योग्य त्या फटीत अडकली तरच बीज धरते. हे काम लहानसहान माशीच्या बळाचे नव्हे. त्यास आपला मोठा काळा भुंगा लागतो, जो वाळक्या लाकडास भोके पाडून त्यांत घर करतो, आणि ज्यास आपण तुळया पोखरतो म्हणून हाकलून देतो. एका झुडपावर फुले शेकड्यांनी येतात. बोंडे मात्र मोजकीच धरतात. उन्हाळ्यात ती उकलतात आणि रेशमी तंतूंचा झुपका लावलेले बी वाऱ्यावर तरंगत निघते. मुले त्यास म्हातारी म्हणतात व तिच्यामागे धावतात. त्या धावणाऱ्या मुलांस कोणी सांगावे की, ज्या भुंग्यास घरातून हाकलले, त्याच्याच पायावर बसून ही म्हातारी जगात आली.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. नारिंगी रंगाचे, काळ्या काठाचे, पंखांच्या टोकाशी पांढरे ठिपके असलेले एक फुलपाखरू आपल्याकडे जवळजवळ बारा महिने दिसते. इंग्रजीत त्यास प्लेन टायगर म्हणतात. ईजिप्तमधील नेबामून नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे ३,३५० वर्षांपूर्वी काढलेल्या एका भित्तिचित्रात हेच फुलपाखरू ओळखता येते, इतकी त्याची माणसाशी जुनी ओळख आहे. मध पिण्यास ते अनेक फुलांवर जाते. परंतु अंडी घालण्याची वेळ आली म्हणजे मादी रुईकडे, किंवा रुईच्याच गोत्रातील एखाद्या झाडाकडे येते. पानाच्या खालच्या अंगास ती एकेक अंडे चिकटवते. चार-पाच दिवसांत त्यातून सुरवंट निघतो. तो काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांचा असून त्याच्या पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतात. रुईचा चीक चिकट व विषारी. म्हणून पान खाण्यापूर्वी तो शीर कुरतडून चीक ओघळू देतो आणि मग पुढचा भाग खातो. ज्या विषामुळे शेळीसुद्धा रुईस सहसा तोंड लावीत नाही, ते विष तो आपल्या अंगात साठवतो, आणि तेच पुढे फुलपाखराचे संरक्षण होते. अशा फुलपाखरास एकदा चोच मारलेले पाखरू त्या कडवट चवीने ओकते व पुन्हा त्याच्या वाटेस जात नाही. या कीर्तीचा लाभ दुसऱ्या एका फुलपाखराची मादीही घेते. ती स्वतः बिनविषारी असते, परंतु हुबेहूब तोच वेष धारण करते. तिचा सुरवंट आपल्या ओळखीच्या घोळीच्या भाजीवर वाढतो. अशा वेषांतराचे शास्त्रीय विवेचन हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांवरून १८६२ साली प्रथम केले.

येथे घाणेरीशी तुलना करणे उद्बोधक होईल. घाणेरी मूळची अमेरिका खंडातील. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी ती हिंदुस्थानात आणली गेली, आणि आज रानेच्या राने तिने व्यापली आहेत. तिच्या फुलांवर फुलपाखरांची गर्दी होते, हे खरे आहे. परंतु तिच्या पानांवर वाढणारे सुरवंट आपल्याकडे फार थोडे आहेत. म्हणजे घाणेरी ही वाटेवरची खाणावळ झाली. तेथे पोट भरते, पण कोणी बाळंतपणास तेथे जात नाही. रुई हे माहेर आहे. आणि हे माहेरपण जागेशी बांधलेले असते. धाकटी रुई ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील कुरणांत जाऊन पसरली, तेव्हा तेथे ती उपद्रवी तण ठरली. झाडाचा गुण केवळ झाडात नसतो. ज्या जिवांबरोबर ते दीर्घकाळ नांदले, त्यांच्या सहवासात तो असतो. म्हणून पाखरांसाठी व फुलपाखरांसाठी झाड लावावयाचे, तर ते याच मातीतले असावे, असा आग्रह जाणकार धरतात. त्या आग्रहात अभिमानापेक्षा हा साधा हिशोब अधिक आहे.

आता प्रश्न उभा राहतो तो असा. बागेत रुई लावली, फुले आली, नारिंगी फुलपाखरे भिरभिरू लागली. घरातील सर्वांस आनंद झाला. पंधरा दिवसांनी पाहतो तो पानांची चाळण झालेली. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा पसरलेला, देठावर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा टोळ बसलेला, पानापानावर सुरवंट. बहुतेक माणसांचा हात येथे औषधाच्या पंपाकडे जातो. फुलपाखरू हवे, सुरवंट नको. पाखरू हवे, किडा नको. ही इच्छा म्हणजे मुलगी पाहुणी म्हणून यावी, पण तिची मुले बरोबर नसावीत, असे म्हणण्यासारखे आहे. अतिथी या शब्दाचा अर्थ आपले शास्त्री असा सांगत आले आहेत की, ज्याच्या येण्यास तिथी ठरलेली नाही तो. त्याची वेळ जशी आपण ठरवीत नाही, तसे त्याचे रूपही ठरवीत नाही. निवडून निवडून बोलावलेल्यांस आमंत्रित म्हणावे. त्यांचे आदरातिथ्य करण्यात वाईट काहीच नाही, पण त्यास अतिथिधर्म म्हणता येत नाही. आणि फुलाचा मोह दाखवून मादीस अंडी घालू द्यावयाची व नंतर तिच्या पिलांवर विष फवारावयाचे, हे तर नुसत्या उदासीनतेहून वाईट आहे. ज्याच्या अंगणात रुईच नाही, त्याने निदान कोणाचा विश्वासघात केलेला नसतो.

यावर काही आक्षेप संभवतात. त्यांचा विचार केल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे.

पहिला आक्षेप सोवळ्याचा. किडीने खाल्लेले पान उष्टे झाले. ते देवास कसे वाहावे? आमचे म्हणणे असे की, वाहू नये. देवास जे द्यावयाचे ते अखंड व उत्तम असावे, हा आचार मनास चांगले ते देण्याची सवय लावतो. तो मोडण्याचे काही कारण नाही. परंतु जे पूजेस योग्य नाही ते नाशासच योग्य, असे कोणत्या आचाराने सांगितले आहे? शिवाय जिवाचा स्पर्श झाला की वस्तू विटाळते, हे म्हणणे आपल्याच पूजेत टिकत नाही. पंचामृतातील मध मधमाशीच्या पोटातून आलेला असतो. सोवळ्याचे रेशीम किड्याने स्वतःसाठी विणलेले घर असते. दुधाच्या धारेपूर्वी वासरू आचळास लागलेले असते. या तिन्ही वस्तू आपण परम पवित्र मानतो, आणि तिन्हींत आपल्या आधी कोणाचा तरी हक्क होता. त्यांतील दुधापुरता विवेक आपल्या पूर्वजांनी स्पष्ट ठेवला होता: वासराचे पोट मारून काढलेले दूध चांगले मानीत नसत. तोच विवेक पानापर्यंत न्यावा, एवढेच आम्ही म्हणतो. एका मोठ्या झुडपावर पानांची वाण नसते. अखंड पाने देवास, खाल्लेली खाणाऱ्यांस, अशी वाटणी सहज होऊ शकते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सुरवंटास थारा दिला की त्यास खाणारे येणारच. रुईच्या सुरवंटास विषाचे कवच आहे खरे, तरी काही गांधीलमाश्या व इतर शत्रू त्यासही सोडीत नाहीत. आणि झुडपावरील इतर कीटक तर पाखरांचे नित्याचे अन्न आहे. मग आपण जिवांस आश्रय दिला, की त्यांच्या हत्येची सोय केली? येथे आपल्या मनातील पाखराचे चित्र थोडे दुरुस्त केले पाहिजे. कवींनी चातकास पावसाच्या थेंबावर जगवले. प्रत्यक्षातील चातक केसाळ सुरवंट आवडीने खातो. अंगणातील चिमणी स्वतः दाणे टिपते, पण पिलांच्या चोचीत किडे-अळ्याच भरवते. शिंजीर रुईच्या फुलातील मध पितो, तरी पिलांस त्यालाही कीटक लागतात. तेव्हा पाखरांसाठी झाड लावणे म्हणजे किडा असलेले झाड लावणे होय. जीव जिवावर जगतो, हा क्रम आपण निर्माण केलेला नाही आणि तो मोडण्याचे सामर्थ्यही आपणांत नाही. आपल्या विवेकाचा प्रांत एवढाच की, आपल्या हातून काय घडते आणि कशासाठी घडते. पाखरू भुकेसाठी मारते. आपण औषध फवारतो ते पुष्कळदा केवळ पान देखणे दिसावे म्हणून. शेतकऱ्यास पीक वाचवावे लागते, त्याची गोष्ट निराळी. त्यात त्याच्या मुलाबाळांची भूक आहे. परंतु शोभेसाठी मारणे आणि भुकेसाठी मारणे यांत जो भेद आहे, तो अहिंसेचा विचार करणाऱ्याने विसरू नये.

तिसरा आक्षेप असा की, आपण हे सारे अखेर स्वतःच्या आनंदासाठीच करतो. मग यात पुण्य ते काय? आमच्या मते आनंदाने दान बिघडत नाही, अटीने बिघडते. आपल्या गृहस्थाश्रमात रोजच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे. वैश्वदेवानंतर प्राणिमात्रांसाठी अन्नाचा भाग बाहेर ठेवावयाचा, तो कोण खाईल याची चौकशी करावयाची नाही. कावळ्याने खाल्ला, मुंगीने नेला, दोन्ही सारखेच. काकबळी ठेवणाऱ्यास कावळा आल्याचे समाधान होतेच, आणि त्यात कोणी दोष मानीत नाही. आज पुष्कळ घरांत हा विधी राहिलेला नाही. स्वयंपाकघरे लहान झाली, वरच्या मजल्यांवर गेली. परंतु विधी सुटला तरी ऋण सुटत नाही. अंगणाच्या, गच्चीच्या किंवा देवळाच्या आवाराच्या कोपऱ्यात एक झुडूप, ज्याच्या पानाबद्दल आपण तक्रार करणार नाही, असे राखून ठेवणे, हा त्या भूतयज्ञाचाच एक साधा प्रकार आहे असे आम्ही समजतो.

ज्या कुटुंबांस हा विचार पटेल, त्यांच्यासाठी कृतीचे चार शब्द. वैशाख-ज्येष्ठात रुईची बोंडे पिकून उकलण्याच्या बेतात येतात, तेव्हा एखादे बोंड काढून घ्यावे, म्हाताऱ्या उडून जाण्यापूर्वी तंतू काढून तपकिरी, चपटे बी निराळे करावे. मृगाचा पाऊस स्थिरावला की वाळू मिसळलेल्या मातीत ते अर्धा बोट खोल पेरावे. सामान्यतः आठ-पंधरा दिवसांत अंकुर येतो. मूळ खोल जाते, म्हणून रोप फार मोठे होण्यापूर्वीच कायमच्या जागी लावावे. जागा भर उन्हाची व पाणी न साचणारी असावी. दोन-तीन रोपे जवळ असली तर बरे. फुले येण्यास साधारणपणे एक-दोन वर्षे लागतात. तेवढा धीर धरावा. खताची गरज नाही, औषध तर मुळीच मारू नये. माव्यामागून त्यास खाणारे ठिपकेदार लाल किडे आपोआप येतात. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी: रुईचा चीक विषारी असून डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. लहान मुले खेळतात तेथे हे झाड नसावे. पाने तोडल्यावर हात स्वच्छ धुवावेत, आणि माळ ओवताना डोळे चोळू नयेत. ज्यांच्या घरी तान्ही मुले आहेत त्यांनी देवळाच्या आवारातील एखादे रोप सांभाळण्याचे पत्करावे, हे अधिक श्रेयस्कर.

पाने विकणाऱ्या बाईचे यात काय होईल, अशी शंका कोणी काढील. घरोघरी रुई झाली तरी दर शनिवारी पहाटे उठून माळ ओवणारी घरे थोडीच निघतील. तिची माळ आपण घेतच राहू, आणि घ्यावीच. उलट आवारात चार झुडपे वाढली, तर उतारवयात तिची दूरची पायपीट तरी थोडी वाचेल. तिलाही त्यातील अखंड पाने तोडण्याची मोकळीक असावी, अशी आमची व्यवस्थापकांस विनंती आहे.

तेव्हा रुईचे पान कोणाचे, या प्रश्नास आमचे उत्तर असे आहे. ते प्रथम झाडाचे. त्यानंतर ज्यास त्यावाचून जगता येत नाही त्याचे. आणि यांतून उरेल ते आपले, म्हणजे देवास वाहण्याजोगे. आपल्या वाट्याचा क्रम शेवटचा लागला म्हणून आपले काही उणे होत नाही. पंगतीत यजमान शेवटी बसतो, ही आपली जुनीच रीत आहे. येत्या मृगात आपल्या सभासद कुटुंबांपैकी काहींनी जरी या रीतीने दोन बिया मातीत घातल्या, तर पुढच्या एखाद्या शनिवारी माळेसाठी पाने निवडताना चाळण झालेले पान हाती येईल, आणि ते टाकून न देता झाडावरच राहू दिले जाईल.